न फिरलेलं पातं

माझ्या भावोजींइतका कंटाळवाणा माणूस शोधूनही सापडायचा नाही, असं मी वर्षानुवर्षं तोंड वर करून सांगत आले. आता सांगत नाही. आता त्यांचा विषय निघाला की मी आधी जरा गप्प बसते. माझं भाजीचं दुकान आहे, गिऱ्हाइकांशी तोंड वाजवण्यात जन्म गेला, तेव्हा माझं गप्प बसणं म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खालच्या मजल्यावर ते दोघं राहतात, वरच्या मजल्यावर मी. घरामागे गवताचा लांबट तुकडा आहे आणि त्याच्या टोकाला पत्र्याची शेड. जे काही घडलं ते एवढ्याच जागेत घडलं, शेवटचं तेवढं डोळ्यांच्या दवाखान्यात.

भावोजींनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. आपण लिफ्टमध्ये शिरतो, बटण दाबतो, आरशात बघून केस सारखे करतो. पायाखाली केवढी खोल विहीर आहे हे मनातही येत नाही. भावोजी त्या विहिरीत उतरायचे. वर जाडजूड तारा, खाली ग्रीसचा वास आणि मध्ये हा बारीक अंगाचा माणूस, दातांत टॉर्च धरून. काम चांगलं झालं याची खूण काय, तर काहीच झालं नाही. लिफ्ट पडली नाही, दार मध्येच उघडलं नाही, कुणी अडकलं नाही. आता जे झालंच नाही त्याबद्दल माणसाचं कौतुक करायचं तरी कसं? कुणी केलंही नाही. मी तर नाहीच नाही.

त्यांना काम शिकवणारे मिस्त्री एका हाताचे होते. तरुणपणी ते विहिरीत असताना वर कुणीतरी मेन स्विच चालू केला होता. त्या माणसाचा काही वाईट हेतू नव्हता, खाली कुणी आहे हे त्याला माहीत नव्हतं इतकंच. भावोजी कामाला लागले त्या दिवशी या मिस्त्रींनी त्यांच्या हातात ना पाना दिला, ना पक्कड. आपल्या सदऱ्याची रिकामी बाही दिली.

"धर. घट्ट धर. आता सांग, स्विच बंद करून कुलूप घातलं की किल्ली कुठे ठेवायची?"

"साहेबांकडे," भावोजी म्हणाले.

"चूक."

"खुंटीवर."

"चूक. आपल्या खिशात. साहेब विसरतो. खुंटी कुणालाही देऊन टाकते. खिसा फक्त आपलं ऐकतो."

ही गोष्ट भावोजींनी मला एकदाच सांगितली, तीही मी खोदून खोदून विचारल्यावर. तेव्हापासून मला चेष्टेला कुरणच मिळालं. "दुधाने तोंड पोळलं मिस्त्रींचं, आणि ताक फुंकून पितात आमचे भावोजी," असं मी चारचौघांत म्हणायचे. सगळे हसायचे. भावोजीही हसायचे, आणि हसता हसता त्यांचा हात नकळत खिशाकडे जायचा.

ते निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी मिळून त्यांना गवत कापायचं मशीन दिलं. बिनवायरचं, बॅटरीवर चालणारं. आधीचं मशीन वायरीचं होतं, ती वायर पायात घेत घेत भावोजी गवत कापायचे आणि पात्याखाली येऊ नये म्हणून सारखी उचलून खांद्यावर टाकायचे. हे नवं म्हणजे निव्वळ चैन. आवाजही बेताचा, शेजारच्यांची दुपारची झोप मोडत नाही. घरात नवी सून आली असती तरी तिचे एवढे लाड झाले नसते.

त्या मशीनला एक किल्ली असते. किल्ली कसली, बोटभर लांबीचा प्लास्टिकचा ठोकळा, खाली धातूचे दोन दात. ती खोबणीत बसवल्याशिवाय मशीन जागचं हलत नाही. मग दांड्यावरचं बटण दाबून शेजारची आडवी पट्टी दाबून धरायची, की पातं फिरतं. पट्टी सोडली की थांबतं. साधं आहे. माझ्यासारखीला एका मिनिटात कळलं.

पण गवत कापणं हा भावोजींच्या लेखी अर्धाच कार्यक्रम. खरा सोहळा त्यानंतर. आधी पट्टी सोडून पातं पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं. मग किल्ली काढून खिशात. मग बॅटरी काढून बाजूला. ही दोन्ही कामं झाल्याशिवाय पात्याकडे हात न्यायचा नाही, मग वरून आभाळ कोसळो. नंतर जाड हातमोजे चढवून मशीन आडवं करायचं, पोटाला चिकटलेलं ओलं गवत लाकडी काडीने खरवडायचं, ब्रशने झाडायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं. एकदा मी मदत म्हणून पाण्याची बादली घेऊन निघाले तर आडवे आले.

"मेहुणीबाई, पाणी तुमच्या पालेभाज्यांवर मारा. याच्या अंगात वीज खेळते."

बॅटरी तापलेली असली तर तिला आधी गार होऊ द्यायचं, मगच चार्जिंगला लावायचं. चार्जिंग उघड्या फरशीवर, जवळपास कापड नाही की कागद नाही. उन्हात ठेवायची नाही, शेगडीजवळ ठेवायची नाही. थंडीत गवत वाढायचं थांबलं की बॅटरी अर्धवट भरून घरातल्या कोरड्या कपाटात. मशीन दांडा मिटून शेडमध्ये, अंगावर जुनी चादर. शेडच्या दाराची कडी मुद्दाम उंच बसवलेली, पोराटोरांचा हात पोचू नये म्हणून.

"बॅटरी कपाटात आणि माझी पांघरुणं माळ्यावर," ताई करवादायची. "मी मेले की मलाही चादर घालून शेडमध्ये ठेवाल."

"तुला शेडमध्ये कसं ठेवेन?" भावोजी शांतपणे म्हणायचे. "तिथे दमट आहे."

आता ताईबद्दल सांगायलाच हवं. ताई शिवणकाम करते. तिची बोटं देवाने सवडीने घडवली आणि स्वभाव मात्र घाईघाईत उरकला. डोळे मिटून कापडावर हात फिरवला तरी सुताचा दोष कुठे आहे ते तिला कळतं. बाह्या बसवाव्यात तर तिनेच. गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर ताईची शिलाई आहे. ती बोटं हेच तिचं शिक्षण, तीच तिची मिरवायची वस्तू. आम्हा बहिणींना आईने दागिने दिले नाहीत, पण ताईकडे बघून आई म्हणायची, हिच्या हातातच आहे सगळं. आणि राग म्हणाल तर नाकावर. दोरा सुईत शिरला नाही तर सुईला बोलते. वाट बघणं तिला ठाऊक नाही. बसस्टॉपवर बस दिसेना की ती चालायला लागते, आणि मग बस तिच्या शेजारून निघून जाते.

मशीनचं खोकं उघडलं त्या दिवशी आत किल्ल्या दोन निघाल्या. एक भावोजींनी खिशात टाकली. दुसरी ते शोधायला लागले तेव्हा ती ताईच्या बटणांच्या डब्यात पोचलेली होती. मी समोरच बसले होते, मला दिसलं. ताईने मला डोळ्याने दटावलं. नंतर म्हणाली, "हा माणूस किल्ली खिशात घालून बाहेर गेला आणि गवत गुडघ्याएवढं झालं तर मी काय करू? आपल्याकडे असलेली बरी." भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं, खोकं उलटं करून झटकलं आणि विषय सोडून दिला. मला वाटलं, एवढा काटेकोर माणूस, पण बायकोपुढे कसा फसला.

मग यंदा भावोजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. एका डोळ्याचं आत्ता, दुसऱ्याचं काही दिवसांनी. एक रात्र दवाखान्यात राहायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढचे काही दिवस वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, धूळकचरा डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. नर्सने सगळ्या वस्तू काढून द्यायला सांगितल्या तेव्हा भावोजींनी घड्याळ दिलं, चष्मा दिला, अंगठी दिली. गवताच्या मशीनची किल्ली मात्र अंगातल्या दवाखान्याच्या सदऱ्याच्या खिशात गेली. नर्सने विचारलं, हे काय. भावोजी म्हणाले, "हे माझ्याकडेच असू दे." ताईने कपाळाला हात लावला.

ऑपरेशन नीट झालं. रात्री ताई घरी आली ती खिडकीतून मागचं गवत बघतच बसली. आठवडाभर कुणी कापलं नव्हतं, वर पाऊस पडून गेलेला, चांगलंच माजलं होतं.

"हा माणूस उद्या घरी येणार," ताई मला म्हणाली. "आल्या आल्या त्याला हे दिसणार. आणि मग डॉक्टर गेले उडत, हा मशीन घेऊन वाकलाच म्हणून समज. डोळा जाईल त्याचा."

"मग मी दटावेन."

"तुझं कोण ऐकतंय?"

ते खरंच होतं. म्हणून मी विषय तिथेच टाकला आणि झोपायला वर गेले. एवढं मात्र सांगते, ताईने जे केलं ते नवऱ्याच्या डोळ्यासाठी केलं. तिच्या घाईला कुणी काही म्हणो, त्या घाईच्या मुळाशी माया असते.

सकाळी मी दुकानाला निघाले तेव्हा शेडचं दार सताड उघडं दिसलं. आतून ताईचा आवाज येत होता. ती कुणालातरी झापत होती, म्हणजे आत माणूस नव्हता हे मी ओळखलं. दारात जाऊन पाहिलं आणि तिथेच थिजले.

मशीन आडवं पाडलेलं होतं. बॅटरी बसवलेली होती. बटणांच्या डब्यातली किल्ली खोबणीत होती. दांडा अर्धा मिटलेला, त्यामुळे बटण ताईच्या हाताशी आलेलं. आणि ती आडवी पट्टी, जी सोडली की पातं थांबतं, ती ताईने दांड्याला कापडाच्या चिंधीने करकचून बांधून टाकली होती. शिंपिणीचीच अक्कल ती, काही धरून ठेवायचं म्हटलं की बांधून मोकळं व्हायचं. तिचा उजवा हात मशीनच्या पोटात होता, पात्याला धरून. डाव्या हाताने ती बटण दाबत होती. एकदा, दोनदा, परत परत.

"का गं चालू होत नाहीस? गवत अडकलंय का तुझ्या घशात?" असं म्हणत ती उजव्या हाताने पातं हलवून मोकळं करू बघत होती.

मी ओरडणार कशी, ओरडले आणि ती दचकली तर. मी पुढे झाले, तिच्या दंडाला धरून तिला मागे ओढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा भावोजींसारखं वागले. किल्ली काढली, बॅटरी काढली, आणि मग खाली बसले.

"काय झालं?" ताई म्हणाली. "असं भूत बघितल्यासारखं काय करतेस? बंद तर आहे ते. पट्टी धरायला हात मोकळा नव्हता म्हणून बांधली. चालूच होईना, बघत होते काय अडकलंय."

"आणि चालू झालं असतं तर?"

"झालं का? नाही ना? बॅटरी उतरली असणार."

मलाही तसंच वाटलं होतं. त्या बॅटरीवर एक छोटं बटण असतं, ते दाबलं की किती भरलीय ते हिरव्या दिव्यांनी कळतं. मी दाबलं. सगळे दिवे लागले. एकही विझलेला नव्हता. मी ते ताईला दाखवलं. ती क्षणभर दिव्यांकडे बघत राहिली, मग तिने आपला हात पदराला पुसला, आणि मग नेहमीप्रमाणे वड्याचं तेल वांग्यावर काढलं. "पुसून पुसून वाट लावलीय मशीनची त्यांनी. दुसरं काय."

दुकान त्या दिवशी मी उघडलंच नाही. भावोजींना आणायला दोघी दवाखान्यात गेलो. ते पलंगावर टेकून बसले होते. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसऱ्या डोळ्याला तसंही धुक्यातल्यासारखं दिसायचं. पावलांच्या आवाजावरून त्यांनी आम्हाला ओळखलं.

"गवत वाढलं असेल," हे त्यांचं पहिलं वाक्य.

"तुमचं ते लाडकं मशीन बंद पडलंय," ताई म्हणाली. तोंडातून गेलं आणि मग तिच्या लक्षात आलं.

भावोजींनी सदऱ्याचा खिसा चाचपला. किल्ली होती तिथेच. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "म्हणजे शेवटी बटणांच्या डब्यातली काढलीस तर."

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली, मी काही सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" ताईने विचारलं.

"खोकं उघडलं त्याच दिवशी. तू शिवणाला बसलीस की डबा उघडा ठेवतेस. दुपारी तुझा डोळा लागल्यावर काढून घेतली. तिचे दात कानशीने घासले, टोकाकडून थोडेसेच. खोबणीत बसते नीट, पण आत पोचत नाही, म्हणून मशीन चालू होत नाही. मग परत डब्यात ठेवली, होती तशी. बटणंही हलू दिली नाहीत."

"काढूनच का नाही घेतली?" हे मी विचारलं.

"मेहुणीबाई, तुमची बहीण आहे ती. किल्ली गेली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी दुकानातून नवी आणली असती, आणि ती कुठे ठेवलीय ते मला कळलं नसतं. किल्ली आपल्याकडे आहे एवढं वाटलं की ती स्वस्थ बसते. तशी बसू दिली."

"आणि मला बोलला नाहीत इतकी वर्षं?"

"बोललो असतो तर तुला वाईट वाटलं असतं."

हे सगळं ते इतक्या साध्या सुरात सांगत होते, जणू कपाटाची बिजागरी सैल झाली होती ती आवळली. मी या माणसाला कंटाळवाणा म्हणत होते. किती इमारतींतली किती माणसं आज आपापल्या हातापायांनी चालताहेत, जिने टाळताहेत, आरशात केस नीट करताहेत, आणि त्यांना पत्ताही नाही की कुणाच्या तरी खिशात एक किल्ली होती म्हणून त्यांचा तो दिवस इतर दिवसांसारखा गेला. आणि घरात काय, तर भावोजींनी बायकोचा स्वभाव बदलायचा हट्ट धरला नाही. तो जसा आहे तसा गृहीत धरला, आणि त्याला पुरेल एवढी कानस फिरवून ठेवली. कुणाला न सांगता. कधी उपयोग होईल न होईल याचीही खात्री नसताना. देव वगैरे मी फार मानत नाही, पण त्या पलंगापाशी मला हात जोडावेसे वाटले, खरंच सांगते.

"मला वाटायचं, ही घाईत चालू करेल आणि पायावर घेईल," भावोजी म्हणाले आणि हसले. "नाहीतर ओल्या गवतात घसरेल. काय केलंस गं, चालू होईना म्हणून दोन शिव्या दिल्यास ना त्याला?"

ताई जमिनीकडे बघत राहिली. ती बोलणार नाही हे मला दिसलं, म्हणून मीच बोलले. सगळं सांगितलं. चिंधीने बांधलेली पट्टी, भरलेली बॅटरी, डावा हात बटणावर, आणि दुसरा हात कुठे होता ते.

भावोजींचं हसू गेलं. रंगच उतरला चेहऱ्यावरचा. त्यांनी बहुतेक सगळं गृहीत धरलं होतं, पण एवढं नाही. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा खोकला, बाहेर कुणीतरी औषधांची गाडी ढकलत नेली.

"कुठला हात?" त्यांनी विचारलं.

"उजवा," ताई म्हणाली. इतक्या हळू आवाजात ती बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी हात पुढे केला. ताईने आपला उजवा हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्यापासून सुरुवात केली. टोकापासून मुळापर्यंत, मग शेजारचं बोट, मग त्याच्या शेजारचं. मधल्या बोटावर अंगुस्तान घालून घालून कातडी राठ झाली आहे, तिथे त्यांचा हात थोडा थांबला, मग पुढे गेला. करंगळीपाशी पोचले तेव्हा त्यांची बोटं तिच्यावरून सुटेनात. विहिरीत तारांना लटकून काम केलेली बोटं ती.

"आहेत हो सगळी," ताई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

"बघू दे," भावोजी म्हणाले. "मला नीट दिसत नाहीये." आणि त्यांनी पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.